द्यूतप्रतिपदेचे अक्षहृदय

कार्तिक शुद्ध प्रतिपदा ही बलिराजाच्या पूजनाची तिथी म्हणून, विक्रम संवताचा आरंभदिन म्हणून आणि साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून आपल्या पूर्ण परिचयाची आहे. परंतु व्रतग्रंथांनी तिला आणखी एक नाव दिले आहे. ते उच्चारताना सुशिक्षित गृहस्थाची जीभ किंचित अडखळते. ते नाव द्यूतप्रतिपदा. या दिवशी शंकर आणि पार्वती द्यूत खेळले, पार्वती जिंकली आणि शंकर हरले, अशी कथा आहे. या दिवशी प्रातःकाळी ज्याचा जय होईल त्याला संबंध वर्ष जयाचे जाईल, अशी समजूत आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या बृहद्ग्रंथातही बलिप्रतिपदेच्या द्यूताची नोंद आढळते. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या रामेश्वर लेण्यात तर शिवपार्वतींची ती अक्षक्रीडा शतकानुशतके पाषाणात चाललेली आहे.

आज फाशांची जागा पत्त्यांनी घेतली आहे. फराळाची ताटे उचलली गेली की अनेक घरांतून सतरंजी पसरली जाते, पत्ते पिसले जातात आणि तीन पत्तीचा डाव रंगू लागतो. महानगरांतील तरुण मंडळी तीन पत्तीवर संतुष्ट नाही. तिला अमेरिकेतून आलेला पोकर अधिक प्रिय आहे. या खेळांविषयी आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एका पक्षाला सणाच्या दिवशी घरात पैशाचा डाव मांडणे हेच पाप वाटते. दुसरा पक्ष म्हणतो की वर्षातून एक दिवस नशीब अजमावले तर बिघडले कोठे? आमच्या मते हे दोन्ही पक्ष एकाच गोष्टीकडे दुर्लक्ष करतात. द्यूताचा खरा प्रश्न पाने कोणती आली हा नसून, आलेली पाने हातात ठेवायची की टाकून द्यायची हा आहे. या प्रश्नाचे उत्तर नशीब देत नाही. ते हिशेबाने मिळते. आणि हा हिशेब आपल्या परंपरेला अपरिचित नाही.

वनपर्वातील नलोपाख्यानाची येथे आठवण होते. द्यूतात राज्य गमावलेला नल ‘बाहुक’ या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. दमयंतीच्या माहेरी, म्हणजे आपल्या विदर्भाकडे, रथ धावत असताना वाटेत बेहड्याचा एक वृक्ष लागला. ऋतुपर्णाने नुसत्या दृष्टिक्षेपाने त्याच्या दोन फांद्यांवरील फळांची संख्या २,०९५ असल्याचे सांगितले. नलाने रथ थांबवून फळे मोजली, तो संख्या जुळली. विस्मित झालेल्या नलाला ऋतुपर्णाने सांगितले की आपण अक्षहृदयाचे जाणकार आहोत, फाशांचे मर्म आणि संख्येचे शास्त्र या दोहोंत निष्णात आहोत. ती विद्या नलाने अश्वविद्येच्या मोबदल्यात घेतली. महाभारतकार पुढे जे सांगतात ते विशेष मननीय आहे. अक्षहृदय प्राप्त होताच नलाच्या शरीरात दीर्घकाळ ठाण मांडून बसलेला कली बाहेर पडला आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरला. प्राचीन काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, हे ध्यानी घेतले म्हणजे या कथेतील मर्म उलगडते. गणना आली की कली गेला. खेळाचे वेड घालवावयास निर्भर्त्सना पुरी पडत नाही, तेथे मोजणी उपयोगी पडते, असेच जणू कथाकाराला सुचवावयाचे आहे.

ही मोजणी प्रत्यक्षात कशी करतात, ते पोकरच्या एका प्रसंगावरून पाहू. पोकरच्या प्रचलित प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि मध्ये सर्वांसाठी क्रमाक्रमाने पाच पाने उघडली जातात. समजा, चार पाने उघडली आहेत. त्यांत दोन बदामाची आहेत आणि आपल्या हातातील दोन्ही पाने बदामाचीच आहेत. आणखी एक बदाम आले की एकाच रंगाची पाच पाने होऊन आपला हात बळकट होईल. न आले तर हाती काहीच नाही. ५२ पानांपैकी ६ आपण पाहिली आहेत, ४६ अदृष्ट आहेत. एकंदर १३ बदामांपैकी ४ दृष्टीस पडले आहेत. तेव्हा ४६ पानांत आपल्या कामाची पाने ९ आणि निरुपयोगी ३७. म्हणजे आपल्या बाजूने संभव शेकडा २० हून किंचित कमी.

आता मध्ये ३०० रुपये जमले आहेत आणि डावात राहण्यासाठी आपल्याला १०० रुपये भरावयाचे आहेत. समोरच्याने लावलेली रक्कम भरून राहणे याला पोकरच्या भाषेत ‘कॉल’ म्हणतात, आणि पाने टाकून देणे याला ‘फोल्ड’. १०० देऊन ३०० मिळवावयाचे असतील तर चार वेळांत निदान एकदा तरी जिंकले पाहिजे, म्हणजे शेकडा २५ संभव हवा. आपल्यापाशी तो २० देखील नाही. हाच प्रसंग ४६ वेळा आला असे मानले तर सरासरीने ९ वेळा ३०० प्रमाणे २,७०० रुपये मिळतील आणि ३७ वेळा १०० प्रमाणे ३,७०० जातील. निव्वळ हानी १,००० रुपयांची. तेव्हा पाने टाकून देणे हाच शहाणपणा. परंतु मध्ये ३०० च्या ऐवजी ५०० जमले असते तर? मग प्राप्ती ४,५०० आणि खर्च तोच ३,७००. म्हणजे ८०० रुपयांचा लाभ. पाने तीच, संभव तोच, आणि निर्णय मात्र उलट! हात चांगला की वाईट असा प्रश्न एकट्याने विचारण्यात अर्थ नसतो. संभव किती आणि त्यासाठी मागितलेले मोल किती, या दोहोंची तुलना म्हणजेच हे शास्त्र.

हिशेब येथेच संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. बदाम आले तरी समोरच्याकडे आपल्याहून वरच्या बदामांचा हात असू शकतो. आपल्याला हवे असलेले पान कदाचित त्याचाच हात अधिक भरीव करील. उलटपक्षी, आपले पान आल्यावर तो आणखी काही रक्कम आपल्या हाती घालील, असाही संभव असतो. जाणता खेळाडू या सर्वांचा अदमास घेतो. तथापि अदमासाला आधार लागतो आणि तो आधार वरील साध्या भागाकाराचाच असतो.

आपल्या तीन पत्तीत पाने वाटल्यानंतर नवे पान येत नाही, म्हणून येथे मोजणी समोरच्याच्या हाताची करावी लागते. ५२ पानांतून तीन पाने २२,१०० निरनिराळ्या रीतींनी येऊ शकतात. त्यांपैकी तिन्ही सारखी पाने ५२ वेळा, एकाच रंगाचा क्रम ४८ वेळा, साधा क्रम ७२० वेळा, नुसता रंग १,०९६ वेळा आणि जोडी ३,७४४ वेळा. उरलेल्या १६,४४० वेळा हाती काहीच नसते. असते ते केवळ एखादे मोठे पान. म्हणजे चारांतून सुमारे तीन वेळा प्रत्येकाचा हात रिकामाच असतो. हे ऐकून एक्का पाहताच हरखणाऱ्यास धीर येईल. पण त्याने पुढचा आकडाही ऐकावा. समोर पाच जण बसले असतील तर त्यांच्यापैकी निदान एकाकडे तरी जोडी अथवा तिच्याहून सरस हात असण्याचा संभव शेकडा ७५ च्या पुढे जातो. एका प्रतिस्पर्ध्यापुढे मानाने राहणारा एक्का पाचांपुढे दीन होतो. शेवटी दोघेच उरले, मध्ये ३०० रुपये आहेत आणि पाने उघडावयास १०० पडतात, तर पुन्हा तोच नियम लागू: चारांतून एकदा तरी आपण सरस ठरू, असे मानावयास आधार असेल तरच पैसे टाकावेत.

इतके साधे गणित असताना माणसे नको तेथे शेवटपर्यंत का राहतात? आमच्या निरीक्षणाप्रमाणे याची कारणे दोन. पहिले कारण, आधी घातलेल्या पैशांचा मोह. ‘एवढे घातले, आता सोडू कसे?’ हे वाक्य प्रत्येक सतरंजीवर ऐकू येते. वस्तुतः मध्ये टाकलेला रुपया टाकल्या क्षणी आपला राहत नाही. तो डावाचा होतो. वरील हिशेबात ३०० रुपये कोणी किती टाकले, हा प्रश्न कोठेच उद्भवला नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. संभाव्यतेचे आधुनिक शास्त्र याच विचारावर उभे राहिले. १६५४ मध्ये पास्काल आणि फर्मा या फ्रेंच गणितज्ञांत पत्रव्यवहार झाला, तो अर्धवट राहिलेल्या खेळातील पैज कशी वाटून घ्यावी यासंबंधी होता. त्यांनी शोधलेले उत्तर असे की, किती डाव झाले याला महत्त्व नाही. जिंकण्यास प्रत्येकाला किती डाव उरले आहेत ते पाहावे आणि पुढे काय काय घडू शकते त्याची मोजदाद करावी. मागचे मागे राहिले, हिशेब पुढचा.

मात्र पास्कालच्या कितीतरी आधी कौरवसभेत एका स्त्रीने याच सत्याला हात घातला होता. युधिष्ठिराने धन गेले, नकुल-सहदेव गेले, अर्जुन-भीम गेले, स्वतःला लावून स्वतःही गेला. आणि त्यानंतर द्रौपदीला पणाला लावले. द्रौपदीने विचारले: राजा आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच स्वतःचा राहिला नाही तो दुसऱ्यावर कोणता हक्क सांगणार? त्या सभेत भीष्मांसारख्यांनाही याचे निर्णायक उत्तर देता आले नाही. प्रश्न धर्माचा होता, पण त्याच्या मुळाशी हिशेबाचे तेच कठोर वचन होते: हरलेले ते आपले नव्हे, आणि त्याच्या बळावर पुढचा पण लावता येत नाही. गेलेल्या हजारासाठी आणखी पाचशे लावणारा गृहस्थ नकळत युधिष्ठिराच्याच आसनावर बसलेला असतो. आणि त्या पाचशेवर हक्क असलेली माणसे बहुधा सतरंजीपासून दूर, आतल्या खोलीत असतात.

दुसरे कारण मानाचे. आव्हान आले असता मागे फिरायचे नाही, हे युधिष्ठिराचे व्रत होते. रणांगणावर जे व्रत भूषणावह, तेच द्यूतपटावर घातक ठरले. धृतराष्ट्राने सर्व काही परत दिले असताही दुसऱ्यांदा बोलावणे येताच तो पुन्हा येऊन बसला, आणि बारा वर्षांचा वनवास नि एक वर्षाचा अज्ञातवास पदरी घेऊन उठला. त्याला फासे कमी येत होते हे खरे. परंतु त्याहून मोठी उणीव अशी की त्याला ‘नाही’ म्हणता येत नव्हते. पाने टाकणे म्हणजे भित्रेपणा, ही समजूत आजही तितकीच दृढ आहे. २०१९ मध्ये प्लुरिबस नावाच्या संगणकीय प्रणालीने सहा जणांच्या पोकरमध्ये नामांकित व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. तिच्या गणनाशक्तीचे कौतुक झाले ते रास्तच. पण आम्हांस तिचा आणखी एक गुण मोलाचा वाटतो. यंत्राला पाने टाकताना लाज वाटत नाही. मागच्या डावात कोण हसले होते, हे ते मनात ठेवीत नाही. माणसाला ही निर्विकारता अभ्यासाने मिळवावी लागते.

येथे कोणी विचारील की हे सारे शिकवून आपण द्यूताला प्रतिष्ठा देत नाही काय? शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तरही हिशेबातच आहे. जो मोजावयास लागतो त्याला मोजणीची मर्यादाही लवकरच कळते. घरच्या डावात नवा रुपया निर्माण होत नाही; एकाच्या खिशातील दुसऱ्याच्या खिशात जातो इतकेच. आणि जेथे डाव बसविणाराच आपला भाग काढून घेतो, तेथे तर सर्वांचे मिळून घटतच जाते. कौटिल्याने द्यूताध्यक्षाला जिंकलेल्या रकमेवर शेकडा ५ घेण्याचा अधिकार दिला होता. त्याच दराने दोन तुल्यबळ खेळाडू १०० रुपयांचे १०० डाव खेळले तर दोघांच्या मिळून ५०० रुपये कमी होतात. जिंकणारा कोणीही असो, अध्यक्ष हरत नाही. अड्डा असो की मोबाइलच्या पडद्यावरचा डाव असो, हा नियम बदलत नाही.

दुसरी मर्यादा याहून सूक्ष्म आहे. वर आपण ५०० रुपयांसाठी १०० भरणे लाभाचे ठरविले. परंतु तो लाभ दीर्घकाळच्या सरासरीचा आहे. आणि सणाची संध्याकाळ दीर्घकाळ नसते. खिशात ८०० रुपये घेऊन बसलेल्याला असे अनुकूल प्रसंग ओळीने आठ आले, तरी आठही वेळा बदाम न येण्याचा संभव शेकडा १७ च्या वर आहे. म्हणजे सहा जणांनी असाच बिनचूक खेळ केला तरी त्यांतील एक जण रिकाम्या हाताने उठेल. निर्णय बरोबर आणि घर कोरडे, असे घडू शकते. म्हणून किती लावायचे हा प्रश्न पाने वाटण्यापूर्वीच सोडवावा लागतो; पाने हाती आल्यावर त्याचे उत्तर देणारा माणूस तो राहत नाही, त्याच्या अंगात कली शिरलेला असतो.

कायद्यानेही या प्रश्नाचा बराच काथ्याकूट केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ च्या निकालात रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे मान्य केले आणि तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाच्या बाजूस ठेवले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांसंबंधी जो कायदा संमत केला, त्याने तर पैसे लावण्याच्या ऑनलाइन खेळांना, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट मनाई केली. कौशल्य किती आणि नशीब किती, याचा काटेकोर निवाडा न्यायपंडित करोत. घरापुरते बोलावयाचे तर आमचे मत असे की, पान येणे सर्वस्वी नशिबाचे आणि पान टाकणे सर्वस्वी आपल्या अधीन आहे. नशिबाच्या भागावर पैसा लावणारे पुष्कळ; स्वतःच्या अधीन असलेल्या भागाचा अभ्यास करणारे थोडे.

म्हणून या पाडव्याला घरात डाव मांडलाच जाणार असेल, तर तो तीळ, बत्तासे किंवा सुपाऱ्या लावून मांडावा, अशी आमची पहिली सूचना आहे. संभाव्यतेचे नियम बत्ताशालाही तितकेच लागू पडतात, आणि घरातील शाळकरी मुलांना अपूर्णांकांचा असा रसाळ पाठ दुसरीकडे मिळणार नाही. बावन्न पानांत बदाम किती, पाहिलेले किती, उरलेले किती, हे मूल बोटांवर मोजू लागले की त्याला ‘आता नक्की येईल’ या शब्दांतील फोलपणा आपोआप कळेल. मागच्या चार डावांत बदाम आले नाही म्हणून पाचव्यात ते येण्यास बांधलेले नसते. नव्याने पिसलेल्या पानांना मागची आठवण नसते. ही एक गोष्ट लहानपणी मनावर ठसली, तर पुढे मोठेपणी कोणत्याही अड्ड्याचे आणि कोणत्याही आमिषाचे बळ निम्म्याने कमी होईल.

नलाची कथा ज्या ठिकाणी संपते तेथेच या विवेचनाची समाप्ती करणे उचित होईल. अक्षहृदय प्राप्त झालेल्या नलाने पुष्कराला पुन्हा द्यूतास बोलावले आणि एकाच डावात राज्य जिंकले. त्यानंतर मात्र त्याने दुसरा डाव मांडला नाही. पुष्कराला त्याचा वाटा देऊन सन्मानाने परत पाठविले आणि पट गुंडाळून ठेवला. ही कथा बृहदश्व ऋषींनी वनवासातील युधिष्ठिरालाच सांगितली आणि अखेरीस अक्षहृदयही त्यालाच दिले, हे महाभारतकारांचे औचित्य अजोड आहे. ज्याला मोजता येते त्याला थांबताही येते; किंबहुना थांबता येण्यासाठीच मोजावयाचे असते. पाडव्याच्या सायंकाळी दिव्यांच्या उजेडात गृहिणी ओवाळावयास येईल, तेव्हा तिच्या तबकात घालावयाची ओवाळणी शाबूत असणे, हाच द्यूतप्रतिपदेचा खरा जय होय. तो जय आमच्या सर्व वाचकांना लाभो.